बटाटा, यीस्ट आणि कमलाबाई

दुर्गाबाई भागवत हे नाव आपल्या भागात वेगळं सांगायला लागत नाही. १९७५ साली, ऐन आणीबाणीत, कराडला साहित्य संमेलन भरलं तेव्हा त्या अध्यक्ष होत्या. स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण. त्यांच्यासमोर दुर्गाबाईंनी जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी सगळ्या सभेला उभं राहून प्रार्थना करायला लावली. कराड म्हणजे कोल्हापूरहून एस.टी.नं दीड-दोन तास. त्यामुळे हा किस्सा आपल्याकडे घरोघरी ऐकायला मिळतो.

या दुर्गाबाईंना एक धाकटी बहीण होती, कमला. लग्नानंतरचं नाव कमला सोहोनी. थोरलीनं सरकारपुढे मान तुकवली नाही हे सगळ्यांना माहीत आहे. धाकटीनं नोबेल मिळवलेल्या माणसापुढे मान तुकवली नाही, आणि तेही थोरलीच्या कितीतरी वर्षं आधी, हे मात्र फार थोड्यांना माहीत आहे. १८ जून २०२३ ला गूगलनं आपल्या पानावर त्यांचं चित्र लावलं, तेव्हा हॉस्टेलवर दोन-चार जणींनी विचारलं की या बाई कोण. त्या दोन-चार जणींसाठी, आणि ज्यांनी विचारलंसुद्धा नाही त्यांच्यासाठी, हा लेख. मी बायोटेकची असल्यामुळे मधेच पेशी, जीन वगैरे येणार. मेकॅनिकल-सिव्हिलवाल्यांनी पान उलटू नये, त्यांच्यासाठी फौंड्रीचं उदाहरण ठेवलेलं आहे.

कमला भागवत यांचा जन्म १९११ साली इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि दोघेही बंगळूरच्या टाटांच्या विज्ञान संस्थेत शिकलेले. म्हणजे आजची आयआयएस्सी. ज्या घरात दोन माणसं टाटा इन्स्टिट्यूटची, त्या घरातल्या हुशार मुलीनंही तिथंच जायचं हे जवळजवळ ठरल्यासारखंच होतं. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाली, रसायनशास्त्र मुख्य, भौतिकशास्त्र जोडीला, आणि नंबर पहिला. अर्ज बंगळूरला पाठवला. तो नाकारला गेला.

नाकारणारे होते सर सी. व्ही. रामन. १९३० सालचं नोबेल पारितोषिक मिळवलेले, आणि त्याच वर्षी, १९३३ ला, संस्थेचे संचालक झालेले. कारण एवढंच की अर्जदार मुलगी आहे. मार्क कमी, सीट भरली, फॉर्म उशिरा आला, असं काही नाही.

इथं बहुतेक जण काय करतील? दुसरा फॉर्म भरतील. कमलाबाई गाडीत बसून बंगळूरला गेल्या आणि रामन यांच्यासमोर उभ्या राहिल्या. मुलगी असणं ही अपात्रता कशी ठरते ते सांगा, आणि सांगेपर्यंत मी इथून हलणार नाही, असा सरळ सत्याग्रह. देशात गांधीजींची चळवळ जोरात होती, घरातलं वातावरणही तसंच होतं, त्यामुळे हे हत्यार त्यांना नवं नव्हतं. फरक इतकाच की समोर इंग्रज कलेक्टर नव्हता, सगळ्या देशाला अभिमान वाटावा असा भारतीय शास्त्रज्ञ होता. मला वाटतं ते जास्त अवघड आहे.

रामन अखेर तयार झाले, पण अटी घालून. पहिलं वर्षभर ही नियमित विद्यार्थिनी धरली जाणार नाही, काम बघूनच पुढचं ठरेल. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतसुद्धा, काम करावं लागेल. आणि तिच्यामुळे लॅबमधलं वातावरण बिघडता कामा नये, म्हणजे मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये. ही शेवटची अट वाचल्यावर आमच्या मजल्यावर जो हशा पिकला तो वॉर्डन मॅडमनी ऐकला असणार. दुसऱ्या अटीवर मात्र कुणी हसलं नाही. १९३३ साली मुलीला रात्री लॅबमध्ये थांबावंच लागेल ही अट होती. त्यानंतर इतकी वर्षं झाली आणि आज कितीतरी गर्ल्स हॉस्टेलांत मुलीनं रात्री लॅबमध्ये थांबायचंच नाही हा नियम आहे. दोन्ही वेळा मुलीला विचारलेलं नाही.

कमलाबाईंनी अटी मान्य केल्या. अपमान मात्र त्या विसरल्या नाहीत. रामन मोठे शास्त्रज्ञ होते हे त्या मान्य करायच्या, पण मनानं तेवढे मोठे नव्हते हेही उतारवयापर्यंत स्पष्ट सांगायच्या. मला त्यांच्या चरित्रातली ही गोष्ट आवडते. आपल्याकडे मोठ्या माणसानं केलेला अन्याय मागाहून गुरूची परीक्षा म्हणून खपवायची पद्धत आहे, तसं त्यांनी केलं नाही.

बंगळूरला त्यांचे मार्गदर्शक होते श्रीनिवासय्या. कडक शिस्तीचे, पण शिकवायला हात न आखडणारे. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी, कडधान्यं यांतल्या प्रथिनांवर काम केलं. गरीब देशातल्या माणसाच्या ताटात प्रथिनं येतात ती डाळीतून, त्यामुळे हा विषय त्यांना जन्मभर पुरला. वर्षभरानं रामन यांनाही काम पटलं. पुढे या संस्थेची दारं मुलींना उघडली गेली. १९३६ साली कमलाबाई एम.एस्सी. झाल्या, विशेष गुणवत्तेसह.

मग केंब्रिज. १९३७ च्या शेवटी त्या तिथं पोचल्या. न्यूनहॅम कॉलेज, आणि प्रयोगशाळा सर फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स यांची. जीवनसत्त्वांच्या कामासाठी १९२९ चं नोबेल मिळालेले हे हॉपकिन्स. लॅबमध्ये जागा नव्हती. डेरेक रिश्टर नावाच्या संशोधकानं आपलं टेबल देऊ केलं: दिवसा कमलाबाईंनी त्यावर काम करायचं, रात्री रिश्टर त्याच टेबलावर झोपणार. एका खोलीत तिघं राहणाऱ्या आपल्या लोकांना ही व्यवस्था चटकन समजेल. बंगळूरला वातावरण बिघडेल म्हणून अट, आणि इथं टेबलच अर्धं वाटून घेतलेलं! रिश्टर यांच्याबरोबर त्यांनी प्राण्यांच्या पेशींतल्या एका एन्झाइमवर काम केलं. ते दुसरीकडे गेल्यावर कमलाबाई रॉबिन हिल यांच्याकडे आल्या. हिल म्हणजे ज्यांच्या नावानं प्रकाशसंश्लेषणातली हिल रिअॅक्शन बारावीला पाठ केली तेच. ते वनस्पतींच्या पेशींवर काम करत होते, आणि कमलाबाईंच्या हाती आला बटाटा.

आता बटाट्यात काय शोधायचं होतं ते समजायला जरा मागं जावं लागेल, आणि मध्ये यीस्ट येतं.

यीस्ट म्हणजे मिसळीबरोबर आपण जो ब्रेड खातो तो फुगवणारी बुरशी. आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत मळीचं अल्कोहोल करणारी तीच. ब्रेडवाल्याच्या लेखी ती पिठात टाकायची वस्तू, पण प्रत्येक कण ही एक पूर्ण पेशी आहे, ती श्वास घेते. केंब्रिजमध्येच डेव्हिड केलिन नावाचे शास्त्रज्ञ १९२० च्या दशकात स्पेक्ट्रोस्कोपखाली यीस्टचं घट्ट पाणी बघत होते. प्रकाशाच्या पट्ट्यात चार काळ्या रेघा दिसत होत्या. केलिन यांनी यीस्ट हवेबरोबर जोरात हलवलं. रेघा गेल्या. थोडा वेळ तसंच ठेवलं. रेघा परत आल्या. म्हणजे पेशीच्या आत काहीतरी रंगीत द्रव्य आहे, ते ऑक्सिजन मिळाला की बदलतं आणि ऑक्सिजन संपला की पूर्ववत होतं. पेशीचा श्वास असा डोळ्यांनी दिसला. केलिन यांनी त्याला नाव दिलं सायटोक्रोम, म्हणजे पेशीचा रंग. हे असं काही असतं असं मॅकमन नावाच्या डॉक्टरनं चाळीसेक वर्षं आधीच लिहिलं होतं, पण तेव्हाच्या बड्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं ते उडवून लावलं आणि बिचाऱ्याचं काम धूळ खात पडलं.

या सायटोक्रोमांपैकी सी नावाचं एक छोटं प्रथिन. त्यात लोहाचा एक अणू. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन एकाकडून घ्यायचे आणि पुढच्याला द्यायचे, एवढंच त्याचं काम. शेवटी सायटोक्रोम ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम ते इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला देतं, पाणी होतं, आणि या सगळ्या देवाणघेवाणीत पेशीला ऊर्जा मिळते. इलेक्ट्रिकलवाल्यांनी याला सर्किटच म्हणावं, माझी हरकत नाही.

प्राण्यांचं आणि यीस्टचं हे नक्की झालं. झाडांचं काय? बटाटा चिरून ठेवला की काळा पडतो हे मेसच्या मावशींना विचारा. ते काळं पडणं वेगळ्याच एका एन्झाइममुळे होतं, आणि बटाटा त्याच एन्झाइमच्या जोरावर श्वास घेत असेल असं मानणारे लोक होते. म्हणजे बटाट्यात दोन दावेदार, आणि श्वासाचं खरं काम कोण करतं याचा निकाल लागलेला नव्हता. कमला भागवत आणि रॉबिन हिल यांनी बटाटा आणि इतर वनस्पतींच्या पेशींतून अर्क काढून दाखवलं की फुलझाडांच्या पेशींतही सायटोक्रोम-सी आणि त्याचं ऑक्सिडेज आहे आणि ते काम करतं. १९३९ साली नेचरमध्ये दोघांच्या नावानं टिपण आलं.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगते. वनस्पतींत सायटोक्रोम-सी कमलाबाईंनी शोधला असं इंटरनेटवर ठिकठिकाणी लिहिलेलं असतं. केलिन यांच्या १९२५ च्या लेखाच्या शीर्षकातच प्राणी, यीस्ट आणि वनस्पती तिन्ही आहेत. ते द्रव्य झाडांत दिसतं हे केलिन यांचं. ते तिथं नुसतं असत नाही, तर श्वासाच्या साखळीत राबतं, आणि ज्या बटाट्यात दुसरा दावेदार डोळ्यांना दिसतो त्यातही राबतं, हे दाखवणाऱ्यांत कमलाबाई. मला विचाराल तर हे दुसरं काम जास्त कठीण. तसंच पहिल्या भारतीय स्त्री पीएच.डी. या बिरुदाचं. ई. के. जानकी अम्मल यांना १९३१ साली अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळाली होती, त्यामुळे पहिली हा शब्द केंब्रिजपुरता जपून वापरावा. कमलाबाईंची उंची त्यानं एक इंचही कमी होत नाही.

हॉपकिन्स यांनी हे काम प्रबंध म्हणून द्यायला सुचवलं. प्रबंध झाला चाळीस टाइप केलेल्या पानांचा. केंब्रिजला पोचल्यापासून चौदा महिन्यांत काम आणि लेखन दोन्ही पूर्ण! आपल्याकडे सेमिनारचा रिपोर्ट चाळीस पानांचा होतो आणि त्यातली दहा पानं सर्टिफिकेट, आभार आणि अनुक्रमणिका. केंब्रिजनं चाळीस पानांना पीएच.डी. दिली. परदेशात राहायची संधी होती, पण त्या १९३९ साली परत आल्या.

दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या. नंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहाय्यक संचालक. तिथं जीवनसत्त्वांवर काम. १९४७ मध्ये माधवराव सोहोनी यांच्याशी लग्न झालं, ते विमागणितज्ञ होते, आणि कमलाबाई मुंबईला आल्या. मग इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक.

मुंबईत त्यांनी विद्यार्थ्यांना जे विषय दिले त्यांची यादी बघा: डाळी आणि कडधान्यं, ताडगूळ, नीरा. केंब्रिजहून आलेल्या बाईंनी माडाच्या रसावर का काम करावं? राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी ते सुचवलं होतं, असं सांगतात. नीरा म्हणजे ताड-माडाचा ताजा गोड रस. सूर्य वर आला की हवेतलं, मडक्यातलं यीस्ट कामाला लागतं आणि नीरेची ताडी होते. एकच रस, पहाटे पौष्टिक आणि दुपारी दारू, मधे फक्त यीस्ट. म्हणजे केंब्रिजमध्ये ज्या यीस्टनं सायटोक्रोम दाखवलं, तेच इथं वैरी. कमलाबाईंनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी नीरेतली जीवनसत्त्वं, लोह मोजलं. कुपोषित आदिवासी मुलांच्या आणि गरोदर बायांच्या आहारात नीरा दिली तर प्रकृती सुधारते असं दिसलं. या कामाला राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला. आरेच्या दूध प्रकल्पालाही त्या सल्ला द्यायच्या, दूध नासू नये म्हणून.

विज्ञानातलं हे सगळं चालू असताना संस्थेच्या संचालकपदाची पाळी त्यांच्यावर आली होती, आणि ती जवळजवळ चार वर्षं येऊ दिली गेली नाही. अंतर्गत राजकारण, आणि बाई म्हणून. शेवटी मिळालं. १९६९ ला निवृत्त झाल्या. १९३३ ला दारात अडवलं, आणि तीस वर्षांनी, पीएच.डी., राष्ट्रपती पुरस्कार वगैरे सगळं पदरात असताना, खुर्चीच्या दारात परत अडवलं. पहिल्या वेळी विद्यार्थिनी म्हणून सत्याग्रह करता आला. दुसऱ्या वेळी तेही नाही.

निवृत्तीनंतर काही जण आठवणी लिहितात, काही जण मुलाकडे अमेरिकेला जातात. कमलाबाई भेसळ तपासत बसल्या. १९६६ साली मुंबईत नऊ जणींनी मिळून ग्राहकांसाठी एक संस्था काढली होती, कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया. त्या नवांत कमलाबाई एक. मसाला, डाळ, दूध, तेल यांत काय मिसळतात आणि घरच्या घरी ते कसं ओळखायचं हे त्या बायकांना समजावून सांगायच्या, संस्थेच्या कीमत नावाच्या मासिकात लिहायच्या. १९८२-८३ साली त्या अध्यक्ष होत्या.

बरोबर त्याच वर्षी, १९८२ ला, अमेरिकेत रॉचेस्टरला फ्रेड शर्मन आणि केनेथ झॅरेट यांनी एक शोधनिबंध छापला. विषय होता यीस्टचा सायटोक्रोम-सी. कमलाबाईंच्या बटाट्यातलं तेच प्रथिन, यीस्टच्या पेशीतलं. पण आता प्रश्न प्रथिनाचा नव्हता, ते ज्या जीनवरून तयार होतं त्याचा होता. या जीनचं नाव सीवायसी-१, आणि यीस्टचे जे पहिले काही जीन अक्षर न् अक्षर वाचले गेले त्यांत हा एक, १९७९ साली.

जीन म्हणजे डीएनएवर लिहिलेली ड्रॉइंग. मूळ ड्रॉइंग ऑफिसबाहेर नेत नाहीत, कॉपी काढून वर्कशॉपला देतात. ती कॉपी म्हणजे आरएनए, आणि कॉपी काढण्याला म्हणतात ट्रान्स्क्रिप्शन. काढणारं यंत्र आरएनए पॉलिमरेज. कच्ची कॉपी तशीच चालत नाही. पुढच्या टोकाला टोपी बसवायला लागते, मधला अनावश्यक मजकूर कापून जोडायला लागतो, आणि शेवट योग्य जागी तोडून त्याला अ-अ-अ अशी लांब शेपटी लावायला लागते. तेव्हा कुठे ती वर्कशॉपला जाते आणि तिच्यावरून प्रथिन बनतं.

पूर्वी असं मानायचे की हे शिरोलीच्या फौंड्रीसारखं आहे. आधी कास्टिंग, ते गार झालं की फेटलिंग, मग मशिनिंग. प्रत्येक खातं वेगळं, एकाचं काम संपल्यावर दुसऱ्याचं सुरू.

शर्मन यांच्याकडे यीस्टचा एक बिघडलेला वाण होता. सायटोक्रोम-सी कमी. ते त्यांनी ओळखलं कसं? स्पेक्ट्रोस्कोपनं, अति थंड केलेल्या यीस्टमधली सायटोक्रोमची रेघ बघून. केलिन यांचीच रीत, पन्नास-पंचावन्न वर्षांनी. जीनमधला प्रथिनाचा मजकूर तपासला तर तो अगदी शाबूत, एक अक्षर चुकलेलं नाही. बिघाड होता मजकूर संपल्यानंतर, जिथं काही लिहिलेलंच नाही असं वाटावं तिथं: डीएनएची ३८ अक्षरं गळाली होती. आणि तेवढ्यानं आरएनए राहिला होता नेहमीच्या सुमारे दहा टक्के. जो होता तो गरजेपेक्षा लांब, वेगवेगळ्या लांबीचा. पॉलिमरेजला थांबायचं कुठं ते कळेना, ते पुढे लिहीतच सुटलं होतं. शेवट नीट तोडण्याची सूचना गेली, तर लिहिणंही थांबेना, आणि तयार मालही टिकेना. म्हणजे लिहिणं आणि तासणं ही दोन वेगळी खाती नाहीत, एकाच साखळीत बांधलेली आहेत, हा विचार इथून घट्ट झाला.

पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत ही साखळी यीस्टमध्येच कडी कडी करून उलगडली. पॉलिमरेजला स्वतःची एक लवचिक शेपटी असते. सात अमिनो आम्लांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा, यीस्टमध्ये २६ वेळा, माणसात ५२ वेळा. कॉपी सुरू झाली की या शेपटीवर फॉस्फेटच्या खुणा चढतात. सुरुवातीला पाचव्या जागेवरच्या खुणा जास्त, त्या टोपी बसवणाऱ्या एन्झाइमांना बोलावतात. यंत्र पुढे सरकलं की दुसऱ्या जागेवरच्या खुणा वाढतात, आणि शेवट तोडणाऱ्या प्रथिनांना धरून ठेवतात. म्हणजे लेथनं स्वतःच्या शेपटीला सगळी टूल्स अडकवलीत आणि बार बाहेर येत असतानाच टोकावर काम चाललंय. शेवट तोडल्यावर मागे उरलेला आरएनए एक एन्झाइम मागून खात येतं आणि पॉलिमरेजला खाली उतरवायला मदत करतं, हे २००४ साली कळलं. यंत्राच्या वेगाचाही परिणाम होतो: पॉलिमरेज हळू किंवा जोरात चालवलं तर मधला मजकूर किती नीट कापला जातो ते बदलतं. यीस्टचं पॉलिमरेज दिसतं कसं हे दाखवणाऱ्या रॉजर कॉर्नबर्ग यांना २००६ चं नोबेल मिळालं.

मला सगळ्यात नवल वाटतं ते २०११ च्या कामाचं. दोन वेगवेगळ्या गटांनी यीस्टमध्ये दाखवलं की आरएनएचा मजकूर तोच ठेवून नुसती जीनच्या सुरुवातीची जागा, म्हणजे ट्रान्स्क्रिप्शन जिथून सुरू करायचा हुकूम मिळतो तो प्रमोटर, बदलला, तर केंद्रकाबाहेर गेल्यावर तो आरएनए किती वेळ टिकेल तेही बदलतं. हुकूम कुठून आला ते त्या कॉपीबरोबर पुढे जातं, मजकुरात कुठंही न लिहिता. सीवायसी-१ चा हुकूमसुद्धा मजेदार आहे: हवा असेल तर द्यायचा, नसेल तर जवळजवळ बंद. डिस्टिलरीच्या बंद टाकीत यीस्टला श्वासाचं सर्किट लागत नाही, म्हणून ही ड्रॉइंग बाहेरच काढत नाही.

यातलं काहीही कमलाबाईंनी केलेलं नाही, आणि त्यांच्या नावावर मला ते घालायचंही नाही. पण १९३९ ला सायटोक्रोम-सीचं काम सगळ्या सजीवांत सारखंच चालतं की काय हा प्रश्न खुला होता, आणि झाडांच्या बाजूचं उत्तर द्यायला त्यांचे हात लागले. ते सारखेपण इतकं पक्कं निघालं की यीस्टचा सायटोक्रोम-सी काढून माणसाचा घातला तरी यीस्ट श्वास घेतं. म्हणून तर एका बुरशीच्या जीनवर आयुष्य घालवणं शहाणपणाचं ठरलं.

शेवटच्या वर्षांत आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या मध्यवर्ती संस्थेला त्यांची आठवण झाली. आयसीएमआरच्या तेव्हाच्या प्रमुख डॉ. सत्यवती या त्या पदावरच्या पहिल्या स्त्री. त्यांनी पुढाकार घेऊन दिल्लीत कमलाबाईंचा सत्कार ठरवला. सत्काराच्या त्या कार्यक्रमातच कमलाबाई कोसळल्या, असं त्यांच्याबद्दल लिहिणारे सगळे सांगतात. २८ जून १९९८ ही त्यांच्या निधनाची तारीख. दुर्गाबाई त्यांच्यामागे चार वर्षं होत्या.

सीवायसी-१ चा तो शेवट, ज्यातली ३८ अक्षरं गळाल्यावर सगळा गोंधळ झाला होता, तो आता जगभर वापरतात. यीस्टकडून कुठलंही बाहेरचं प्रथिन बनवून घ्यायचं असेल, तर त्याच्या जीनच्या मागे हा तुकडा जोडतात, म्हणजे पॉलिमरेज वेळेवर थांबतं आणि आरएनए नीट तुटतो. बाजारात मिळणाऱ्या कितीतरी प्लास्मिडांत तो आयताच असतो. आमच्या लॅबच्या भिंतीवर अशा एका प्लास्मिडचा गोल नकाशा चिकटवलेला आहे. त्यावर घड्याळात चाराचा आकडा असतो साधारण तिथं, बारीक अक्षरात, सीवायसी-१ लिहिलंय.